रूप आणि स्वरूप : संख्यांच्या वर्गीकरणाच्या सात ओळींवर भाष्य

कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. भास्कराचार्यांचा नियम सोडवून सांगायचा आणि तो खरा का, याची उपपत्ती लगेच द्यायची, ही त्यांची रीत. नववीच्या वर्गात संख्यांचे प्रकार शिकवताना मी ज्या सात ओळी फळ्यावर लिहीत आलो, त्यांना तीच रीत लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. ओळींची मांडणी माझी आहे, आशय कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल असाच.

एवढ्या सोप्या ओळींना भाष्य कशाला? कारण त्या पाठ होतात आणि वाचायच्या राहून जातात. विद्यार्थी संख्येचे लिहिलेले रूप पाहतो आणि त्यावरून तिचा वर्ग सांगून मोकळा होतो. वर्ग ठरतो स्वरूपावरून. रूप आणि स्वरूप यांतले हे अंतर प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे दडलेले आहे.

ओळ पहिली : मोजायला लागलो की ज्या येतात त्या नैसर्गिक संख्या.

१, २, ३ आणि पुढे. इथे वाद एकच : शून्य यांत धरायचे की नाही? आपली शालेय पुस्तके १ पासून सुरुवात करतात, संचशास्त्राचे कितीतरी ग्रंथ ० पासून करतात. हा प्रश्न संकेताचा आहे. या भाष्यात नैसर्गिक संख्या १ पासून सुरू होतात.

ओळ दुसरी : त्यांत शून्य घातले की पूर्ण संख्या, ऋण संख्याही घेतल्या की पूर्णांक.

'पूर्ण संख्या' आणि 'पूर्णांक' हे दोन शब्द इतके सारखे आहेत की त्यांनी मुलांचा जितका गोंधळ केला तितका गणिताने केला नसेल. उणे पाच हा पूर्णांक आहे, पण पूर्ण संख्या नाही. त्यात भर अशी की ३ १/२ ही संख्या आपण 'तीन पूर्णांक एक छेद दोन' अशी वाचतो. तिथे 'पूर्णांक' हा शब्द फक्त तीनपुरता आहे, सबंध संख्येला लागू नाही. पाचवीपासून कानावर पडलेले हे वाचन आठवीत आडवे येते, आणि साडेतीन हा पूर्णांक आहे असे उत्तर मिळते. शिक्षकाने हे एकदा उघड सांगून टाकावे.

ऋण संख्या का घ्यायच्या, याचे उत्तर 'ऋण' या शब्दातच आहे. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम एकत्र दिले. ऋण म्हणजे देणे. तिनातून पाच वजा करायचे तर नैसर्गिक संख्यांत जागा नाही, देण्याच्या खात्यात आहे. पूर्णांकांच्या संचात कोणतीही वजाबाकी अडत नाही.

आता रूपाचा प्रश्न. १८/३, −√१६ आणि ०/५ यांतले पूर्णांक कोणते? तिन्ही. पहिली संख्या ६ आहे, दुसरी −४, तिसरी ०. अठराखाली रेघ आणि तीन दिसले म्हणून ती पूर्णांक नव्हे असे म्हणणे, म्हणजे माणसाच्या सदऱ्यावरून त्याचे गाव ठरवणे.

ओळ तिसरी : जी संख्या म/न अशी मांडता येते, जिथे म आणि न पूर्णांक आहेत आणि न शून्य नाही, ती परिमेय.

या ओळीचा प्राण 'मांडता येते' या दोन शब्दांत आहे. 'मांडलेली असते' असे ओळ म्हणत नाही. ५ ही संख्या ५/१ अशी मांडता येते, म्हणून ती परिमेय. ०.७५ ही ३/४ अशी मांडता येते, म्हणून तीही. √(४/९) मध्ये वर्गमुळाचे चिन्ह ठळक दिसते, पण ती २/३ आहे. उलट √२/३ मध्ये अंश आहे, छेद आहे, रेघ आहे, तरी ती परिमेय नाही, कारण अंशाच्या जागी पूर्णांक बसलेला नाही. परिमेय असण्यासाठी एक तरी योग्य मांडणी अस्तित्वात असावी लागते. ती आपल्यासमोर लिहून ठेवलेली असण्याची गरज नाही.

'परिमेय' हा शब्द 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून आला. ३/४ म्हणजे काय? एकाचा चौथा भाग हे माप घेतले, तर त्या मापाने १ बरोबर चार वेळा मोजला जातो आणि ३/४ बरोबर तीन वेळा. दोघांनाही शेष न ठेवता मोजणारे एक सामाईक माप सापडते. हा अर्थ शब्दातून थेट दिसतो, आणि पुढच्या दोन ओळींत तो फार उपयोगी पडणार आहे.

मराठी माणसाची परिमेय संख्यांशी ओळख तर पाठ्यपुस्तकाच्याही आधीची. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना आपल्याकडे स्वतंत्र नावे आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे पाढे घोकून घेत. पाढा म्हणणाऱ्या मुलाला दीड ही दोन आकड्यांमध्ये रेघ ओढलेली वस्तू वाटत नसे, ती एक संख्या वाटे. मला हे पाढे गेल्याचे वाईट वाटते ते हिशेबाच्या वेगासाठी नव्हे, या जाणिवेसाठी.

राहिली 'न शून्य नाही' ही अट. ५/० ही संख्या असेल तर तिला शून्याने गुणून ५ यायला हवेत, आणि शून्याने गुणून शून्याखेरीज काही येत नाही. ०/० चे दुखणे उलटे आहे : तिथे कोणतेही उत्तर चालते. ब्रह्मगुप्तांनी ०/० बरोबर ० म्हटले, भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असे वेगळे नाव दिले. आज आपण ती मांडणीच वर्ज्य ठरवतो.

ओळ चौथी : परिमेय संख्येचे दशांश रूप एक तर खंडित असते, नाही तर अखंड आवर्ती.

हे का, हे पाहायला १ ला ७ ने भागा. प्रत्येक पायरीला काही बाकी उरते, आणि ती ० ते ६ यांपैकीच असणार. ० उरली तर भागाकार संपला. नाही तर १ ते ६ या सहाच बाक्या उपलब्ध आहेत, म्हणून सात पायऱ्यांच्या आत एखादी बाकी पुन्हा येणारच. बाकी पुन्हा आली की पुढचे सगळे पुन्हा तसेच येते. १/७ = ०.१४२८५७१४२८५७… यातला १४२८५७ हा गट बरोबर सहा अंकांचा आहे. म्हणजे आवर्तन हा छेदाच्या मर्यादेचा परिणाम आहे.

उलट दिशाही खरी आहे. क्ष = ०.१४२८५७१४२८५७… धरले, तर दहा लाख क्षमधून क्ष वजा करताच शेपूट नाहीसे होते : ९९९९९९ क्ष = १४२८५७, म्हणून क्ष = १/७. याच रीतीने ०.९९९… बरोबर १ येते, आणि वर्गात त्यावर नेहमी वाद होतो. मुलांना ती संख्या एकाच्या 'जवळ' वाटते. पण १ आणि ०.९९९… यांत काही अंतर असेल तर ते किती? ०.१ पेक्षा कमी, ०.०१ पेक्षा कमी, सांगाल त्या धन संख्येपेक्षा कमी. असे अंतर शून्यच असते. एकाच संख्येची ही दोन रूपे आहेत.

रूपावर विसंबण्याचा सर्वांत मोठा सापळा याच ओळीत आहे. कॅल्क्युलेटरवर १/१७ काढले की ०.०५८८२३५२९४ असे काहीतरी दिसते. त्यात काहीच पुन्हा येत नाही. विद्यार्थी 'अपरिमेय' लिहितो, तेही १/१७ हा अपूर्णांक डोळ्यांसमोर असताना. या संख्येचा आवर्ती गट सोळा अंकांचा आहे, ०५८८२३५२९४११७६४७, आणि यंत्राची पट्टी त्याआधीच संपते. दुसऱ्या टोकाला ०.१०१००१०००१००००१… अशी संख्या घ्या, जिच्यात दर खेपेला एक शून्य वाढते. तिच्यात नियम आहे, पुढचा अंक कोणीही सांगेल. पण तोच गट पुन्हा पुन्हा येत नाही, म्हणून ती परिमेय नाही. नियम असणे वेगळे, आवर्तन असणे वेगळे.

खंडित कधी आणि आवर्ती कधी? अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणल्यावर छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तर रूप खंडित. १२ मध्ये ३ हा अवयव आहे म्हणून ३/१२ आवर्ती असेल असे मानू नये. ती १/४ आहे, म्हणजे ०.२५.

पण खंडित असणे हा संख्येचा गुण नव्हे. तो आपण दहाच्या पायावर लिहितो याचा परिणाम आहे. डझनाच्या हिशेबात एकाचा तिसरा हिस्सा नेमका चार नग भरतो, म्हणून बाराच्या पायावर १/३ लिहिली तर ती एका अंकात संपते. पाया बदलला की खंडितचे आवर्ती होईल, आवर्तीचे खंडित होईल. परिमेयाचे अपरिमेय मात्र कोणत्याही पायावर होत नाही.

ओळ पाचवी : जी वास्तव संख्या परिमेय नाही ती अपरिमेय.

ही व्याख्या नकारातून केलेली आहे, आणि ते विसरल्याने बरीच मुले अडखळतात. एखादी संख्या परिमेय आहे हे दाखवायला एक साक्षीदार पुरतो : हा घ्या म, हा घ्या न. अपरिमेय म्हणायचे असेल तर अनंत अपूर्णांकांपैकी एकही बसत नाही हे दाखवावे लागते. एकेक तपासून ते कधीच संपणार नाही. म्हणून अपरिमेय हा निर्णय डोळ्यांनी देता येत नाही, तो सिद्धच करावा लागतो.

शंका अशी की पुष्कळ पुस्तके 'परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या' असे सांगतात आणि लगेच 'परिमेय नसलेली वास्तव संख्या ती अपरिमेय' असेही. मग एकाची व्याख्या दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर झाली की! शंका रास्त आहे. समाधान असे की वास्तव संख्या आधी स्वतंत्रपणे सांगावी लागते. शाळेत संख्यारेषेवरचा बिंदू किंवा कोणतेही दशांश रूप एवढ्यावर भागते. काटेकोर रचना रिचर्ड डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. आणि 'वास्तव' हा शब्द ओळीतून काढता येत नाही. −१ चे वर्गमूळ कोणत्याही म/न बरोबर नाही, तरी ते अपरिमेय नाही, कारण ते वास्तवच नाही. ऋण राशीला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचाच वर्ग नाही, हे भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त बाराव्या शतकातच सांगून ठेवले आहे.

'अपरिमेय' म्हणजे मोजता न येणारी, असा अर्थ काहीजण लावतात. तो टाकून द्यावा. एक मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण ही पक्की, ठाम लांबी आहे. ती अपरिमितही नाही, दीड मीटरहून कमीच भरते. तिचे आणि बाजूचे सामाईक माप नाही, एवढेच. हा अर्थ इतक्या नेमकेपणाने मला सर्वप्रथम भेटला तो नीलकंठ सोमयाजी या केरळी गणितज्ञांच्या आर्यभटीय-भाष्यात. आर्यभटांनी ४९९ मध्ये २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२८३२ सांगितला आणि त्याला 'आसन्न', म्हणजे जवळचा, असे विशेषण लावले. हजार वर्षांनी नीलकंठ त्या एका विशेषणावर थांबतात. खरे मूल्य सोडून जवळचे का सांगितले? कारण ज्या मापाने व्यास निःशेष मोजला जातो त्या मापाने परिघ मोजताना शेष उरतो, आणि परिघ निःशेष मोजणाऱ्या मापाने व्यास मोजताना उरतो. माप कितीही बारीक करा, शेष लहान होईल, जाणार नाही. एका शब्दावरचे असे भाष्य वाचले की टीकाकाराच्या कामाबद्दल आदर वाटतो. नीलकंठांनी सिद्धता दिलेली नाही. ती योहान लॅम्बर्ट यांनी १७६१ मध्ये दिली.

म्हणूनच 'पाय = २२/७ घ्या' या परीक्षेतल्या सूचनेतला 'घ्या' नीट वाचायला हवा. २२/७ परिमेय आहे, ३.१४ परिमेय आहे. पाय या दोन्हींपैकी एकही नाही.

ओळ सहावी : २ चे वर्गमूळ अपरिमेय आहे.

आपली पुस्तके √२ सारख्या संख्यांना 'करणी' म्हणतात. हा शब्द शुल्बसूत्रांतल्या दोरीच्या गणितातून आला. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ज्या बाजूवर उभा राहतो ती द्विकरणी, म्हणजे मूळ चौरसाचा कर्ण, म्हणजे √२. नववीच्या पुस्तकात 'करणी' वाचणाऱ्या मुलाला ही यज्ञवेदीवरची दोरी कोणी दाखवत नाही.

बौधायनांनी या द्विकरणीचे मूल्य १ + १/३ + १/१२ − १/४०८ असे सांगितले आहे. बेरीज करा, ५७७/४०८ येते, म्हणजे १.४१४२१५६… खरे √२ म्हणजे १.४१४२१३५… एक किलोमीटर बाजूच्या चौरसाच्या कर्णात ही चूक सुमारे दोन मिलिमीटरची. या मूल्याला 'सविशेष' म्हटले आहे, आणि 'ज्यात काही अधिक आहे' असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. अपरिमेयता त्यांना सिद्ध करता येत होती असे यावरून म्हणता येत नाही. आपण केलेले मूल्य नेमके नाही हे त्यांना ठाऊक होते, इतके म्हणता येते, आणि तेही थोडे नाही.

आता ५७७ आणि ४०८ यांचे वर्ग करून पाहा. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. फरक एकाचा! त्याआधीचा अपूर्णांक १७/१२ : २८९ आणि २८८, पुन्हा एक. त्याआधी ३/२ : ९ आणि ८. ब्रह्मगुप्तांच्या 'भावने'ने एका जोडीवरून पुढची मिळते : १७ चा वर्ग अधिक १२ च्या वर्गाची दुप्पट म्हणजे ५७७, आणि १७ × १२ ची दुप्पट म्हणजे ४०८. असे हवे तितके पुढे जा, अपूर्णांक √२ च्या हवा तितका जवळ येईल, पण वरच्या वर्गात आणि खालच्या वर्गाच्या दुपटीत तो एक शिल्लकच राहील. हा एक कधीतरी शून्य होईल का? सहाव्या ओळीचा प्रश्न नेमका एवढाच आहे.

पुस्तकातली सिद्धता सर्वांना माहीत आहे. √२ = म/न माना, अतिसंक्षिप्त रूपात. म² = २न², म्हणून म² सम, म्हणून म सम. म = २क ठेवले की न² = २क², म्हणून न सुद्धा सम. मग २ हा दोघांचा सामाईक अवयव झाला, आणि अतिसंक्षिप्त रूप तर आपणच मानले होते. विसंगती.

यातल्या दोन जागी थांबावे. 'म² सम म्हणून म सम' हे कशावरून? विषम संख्येचा वर्ग विषमच असतो : (२क + १)² = ४क² + ४क + १. हे न सांगता पुढे गेले तर सिद्धतेत भोक राहते. दुसरी जागा म्हणजे 'अतिसंक्षिप्त'. हा शब्द गाळला तर शेवटी विसंगती उरतच नाही. मी वर्गात नेहमी विचारत असे, की हीच सिद्धता √४ ला लावली तर कुठे अडते? म² = ४न² वरून म सम येतो, म = २क ठेवले की क² = न² उरते, आणि न सम असल्याचे काही निघत नाही. खोट्या विधानाशी सिद्धता जिथे थांबते ती जागा दाखवली, की ती खऱ्या विधानाशी का थांबत नाही हे मुलांना कळते.

मला मात्र दुसरी वाट अधिक आवडते. कोणत्याही संख्येच्या वर्गाचे मूळ अवयव पाडा. त्यात २ हा अवयव सम वेळा येतो, कारण वर्ग करताना प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. म्हणून म² मध्ये २ सम वेळा. न² मध्येही सम वेळा, पण २न² मध्ये एक जास्त, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येत २ हा अवयव सम वेळा आणि विषम वेळाही येणे शक्य नाही. सिद्धता संपली. इथे अतिसंक्षिप्त रूप लागत नाही, आणि √३, √५, √६, √१२ यांनाही हेच लागू पडते. पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक नैसर्गिक संख्येचे वर्गमूळ अपरिमेय असते, हे एका दमात मिळते. √९ आणि √१६ यांना ती लागू होत नाही, आणि होऊ नयेच. शाळेत ही सिद्धता आधी द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळ सातवी : नैसर्गिक संख्यांचा संच पूर्ण संख्यांत, तो पूर्णांकांत, तो परिमेयांत, तो वास्तवांत; आणि प्रत्येक वास्तव संख्या परिमेय किंवा अपरिमेय यांपैकी नेमकी एक असते.

ओळीचे दोन भाग आहेत आणि त्यांची रचना वेगळी आहे. पहिल्या भागात संच एकात एक बसलेले आहेत. '७ परिमेय आहे का?' या प्रश्नाला 'नाही, ती नैसर्गिक आहे' असे उत्तर येते, ते यामुळेच चूक. सांगलीचा माणूस महाराष्ट्रातला नाही असे कोणी म्हणत नाही. दुसरा भाग मात्र वाटणीचा आहे. इथे दोन वाटे आहेत आणि कोणतीही संख्या दोन्हींत नसते.

हे दोन वाटे सारख्या स्वभावाचे नाहीत. परिमेयांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार परिमेयच येतो. अपरिमेयांचे तसे नाही : (२ + √३) आणि (२ − √३) यांची बेरीज ४, √२ गुणिले √२ म्हणजे २. म्हणून 'दोन अपरिमेयांची बेरीज अपरिमेय' हा नियम कोणी वहीत लिहून ठेवला असेल तर तो खोडावा. वाटे आकारानेही सारखे नाहीत. गेऑर्ग कँटर यांच्या १८७४ च्या लेखावरून निघते की परिमेय संख्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशी रांग लावता येते, अपरिमेयांना ती लागूच शकत नाही.

आणि तरीही एखादी ठरावीक संख्या हातात धरून ती कुठल्या वाट्यातली हे सांगणे अवघड असू शकते. नैसर्गिक लघुगणकाचा पाया असलेली ई ही संख्या अपरिमेय आहे हे ऑयलरने १७३७ मध्ये दाखवले. पाय अपरिमेय आहे हे लॅम्बर्टने. या दोन संख्यांची बेरीज ५.८५९८७… अशी सुरू होते आणि तिचे हवे तितके अंक काढता येतात. ती दोहोंपैकी एका वाट्यात आहेच, असे सातवी ओळ ठामपणे सांगते. कोणत्या, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही.